वास गेला, इच्छा पण गेली? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात सर्दीवर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की वास येणं बंद झालं तर पुरुषाच्या लैंगिक आयुष्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि हे डॉक्टरला सांगायला लाजू नका. बस, एवढंच. त्यावर इतके मेल आलेत की सर्दी राहिली बाजूला. ठाण्याच्या नौपाड्यात २६ वर्षं दवाखाना चालवतोय, तिथे माणूस समोर बसून पंधरा मिनिटं पाठदुखी सांगतो, औषध घेतो, उठतो, दाराच्या कडीला हात लावतो आणि मग म्हणतो, "अजून एक होतं डॉक्टर…" मेलमध्ये कडी नसते त्यामुळे लोक बऱ्यापैकी सरळ मुद्द्यावर येतात. सहा पत्रं निवडलीत, नावं काढलीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला, घरीच बरा झालो पण वास गेला. सात-आठ महिन्यांनी परत आला पण चुकीचा आला. कांदा परतला की कुजल्यासारखा वास येतो, कॉफी तर सहनच होत नाही. आता पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही. मिसेस दर शुक्रवारी स्टेशनबाहेरून मोगऱ्याचा गजरा घेते, लग्नापासूनची सवय, पहिल्या वर्षी मीच आणायचो. आता तो गजरा माळून ती जवळ आली की मला कचऱ्याच्या गाडीचा वास येतो. तिच्या केसांचा, उशीचा पण तसाच. एसी सहन होत नाही असं सांगून मी हॉलमध्ये झोपतो, दोन वर्षं झाली. तिला वाटतंय माझं बाहेर काहीतरी आहे. इच्छाच होत नाही. सकाळी उठल्यावर मात्र सगळं नॉर्मल असतं. मी नपुंसक झालोय का? (वय ४३, कोपरखैरणे)

उत्तर : नाही झालात. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, सकाळी सगळं नॉर्मल असतं. पहाटे झोपेत ताठरता येते म्हणजे रक्तवाहिन्या शाबूत आहेत, नसा शाबूत आहेत, हार्मोनही बहुतेक जागेवर आहेत. गाडी चालू आहे, बायको जवळ आली की ब्रेक लागतोय आणि तो ब्रेक नाकात आहे.

कसं ते सांगतो. नाकाच्या छताला, दोन डोळ्यांच्या मधोमध आतल्या बाजूला, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक छोटासा पट्टा असतो. त्यात माणसाचे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे वासाचे कण पकडणाऱ्या खाचा, असतात, लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी या रिसेप्टरांचं कुटुंब १९९१ मध्ये शोधून काढलं आणि २००४ चं नोबेल त्यांना याच कामावर मिळालं. एका वासाला एकच रिसेप्टर असं नसतं, बरेच एकदम वाजतात तेव्हा मेंदू म्हणतो, हां, हा मोगरा. कोविडचा विषाणू वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आधी पडतो, त्या ढासळल्या की वासाच्या पेशीही कोलमडतात. या पेशी शरीर आयुष्यभर नव्याने बनवत असतं हे आपलं नशीब, पण नव्या पेशी सगळ्या एकदम येत नाहीत आणि आल्या तरी मेंदूशी जोडणी करताना तारा इकडच्या तिकडे होतात. म्हणजे वरातीला बँजो पार्टी बोलावली आणि निम्मे वादक आलेच नाहीत, जे आले ते भलतंच गाणं वाजवतायत, तसं.

मोगऱ्याचंच बघा. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा पदार्थ अगदी थोडासा असतो, आणि हाच इंडोल विष्ठेतही असतो. बाकीच्या गोड वासांत मिसळला की तो जड, मादक लागतो, म्हणून तर गजऱ्याने पूर्वी तुम्हाला काय व्हायचं ते व्हायचं. आता गोड भाग ज्यांनी ऐकायचा ते वादकच गैरहजर असतील तर उरेल काय विचार करा. याला पॅरोस्मिया म्हणतात. कांदा, लसूण, कॉफी हे त्यातले ठरलेले गुन्हेगार, तुमच्याकडे गजऱ्याची भर पडलीय एवढंच.

आणि इच्छेचं म्हणाल तर, डोळ्याने बघितलेलं, कानाने ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवरून जातं, वास मात्र चौकी टाळून थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागात घुसतो. म्हणून वासावर आपला विचार चालत नाही, आधी शरीर बोलतं मग डोकं. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या दोन हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास झाला होता, त्यात ज्यांचं नाक कमजोर त्यांच्यात लैंगिक इच्छा कमी आणि नात्यातलं भावनिक समाधानही कमी दिसलं, पण गंमत म्हणजे संबंध किती वेळा होतात किंवा शारीरिक सुख किती मिळतं यात तसा फरक नव्हता. अशा अभ्यासातून कशामुळे काय झालं हे सिद्ध होत नाही, तरी मला दवाखान्यात दिसतं ते याच्याशी जुळतं. नाक गेलं की बहुतेकांचं यंत्र बिघडत नाही, ओढ कमी होते.

आता करायचं काय. आधी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून नाकात दुर्बीण घालून घ्या, आत पॉलिप म्हणजे मस्सा किंवा जुनाट सायनस असेल तर तो वेगळा आणि सुटणारा प्रश्न आहे. सकाळी उपाशीपोटी शुगर आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची तपासणी करून घ्या, टेस्टोस्टेरॉन सकाळीच तपासायचं कारण ते दिवसभरात उतरतं, आणि कमी आलं तर एका रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा करायचं. मग नाकाचा व्यायाम. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या टीमने २००९ मध्ये ही पद्धत मांडली, चार वास, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. आपल्याकडे सगळं घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. चार छोट्या बाटल्या करा, एकेक दहा-पंधरा सेकंद हळू हुंगा आणि हुंगताना तो वास पूर्वी कसा होता ते मनात आणा, मोबाईल बघत हुंगायचं नाही. खरं सांगायचं तर तुमच्यासारख्या जुन्या केसमध्ये पहिल्या वर्षाइतकी सुधारणा होत नाही, पण बारा आठवड्यांवर न थांबता सहा-आठ महिने रेटलं तर फायदा झालेले लोक मी बघितलेत. खर्च जवळजवळ शून्य. कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या तर तपासणीशिवाय घेऊ नका.

पण हे सगळं दुय्यम आहे हो. ती बाई दोन वर्षं समजतेय की नवऱ्याचं बाहेर आहे, आणि तुम्ही एसीचं कारण सांगताय. आज तिला सांगा. "तुझा वास येतो" अशी सुरुवात करू नका, त्याने घर पेटेल. असं सांगा की कोविडनंतर माझं नाक बिघडलंय, कांदा, कॉफी, मोगरा सगळं मला सडकं लागतं, आणि मला हे सांगायची लाज वाटली. कॉफीचं तिला माहीत असणारच, तिथून चालू करा. मग दोघं मिळून बघा तुम्हाला कुठला वास चालतो. माझ्या एका पेशंटला फक्त साधं खोबरेल आणि कापूर चालायचा, त्याच्या बायकोने वर्षभर गजरा, परफ्यूम, सुगंधी साबण सगळं बंद ठेवलं, रागावून नाही, खेळ केल्यासारखं, रोज विचारायची आज काय लागतंय. ते दोघं आता एका खोलीत झोपतात. आणि हो, घरात गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला तो घाण वास तुम्हाला वेळेवर कळेलच याची आता खात्री नाही.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मुलाबद्दल लिहितेय, तो एकोणीस पूर्ण आहे. उंच आहे, अभ्यासात चांगला आहे, पण आवाज अजून लहान मुलासारखा, दाढी-मिशी काही नाही. नातेवाईक म्हणतात आमच्याकडे उशिराच येतं सगळं. कॉलेजमध्ये मुलं चिडवतात म्हणून ट्रिपला जात नाही. तुमच्या लेखात वासाचं वाचलं आणि मला धस्स झालं, कारण त्याला वास कधी आलाच नाही. मागच्या महिन्यात मी खाली गेले होते, गॅसवर दूध करपून काळं झालं, मजल्यावरचे सगळे धावत आले आणि हा ओट्यापासून चार पावलांवर मोबाईल बघत बसलेला. लहानपणी आम्हाला वाटायचं नाटकं करतो. याचा त्याचा काही संबंध असतो का? (ठाणे पश्चिम)

उत्तर : ताई, असतो. मी पत्रावरून निदान करत नाही आणि करूही नये, पण तुम्ही ज्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यात त्या शेजारी ठेवायचं बऱ्याच डॉक्टरांनाही सुचत नाही. या महिन्यातच त्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे न्या. आणि गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोला, की याला जन्मापासून वास येत नाही.

कालमन सिंड्रोम नावाची एक अवस्था आहे. वयात येण्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतो, तिथल्या काही पेशी जीएनआरएच नावाचं हार्मोन ठोके दिल्यासारखं सोडतात, त्याने मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते, तिने सांगितलं की वृषणं कामाला लागतात, मग आवाज फुटतो, दाढी येते वगैरे. आता यातली अजब गोष्ट अशी की या जीएनआरएचच्या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. बाळ पोटात असताना त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या नसांचा रूळ धरून चालत चालत मेंदूत पोचतात. तुम्ही ठाण्याच्या आहात म्हणून सांगतो, ठाण्याहून वाशीला लोकल निघाली आणि ऐरोलीच्या पुढे रूळच टाकलेले नाहीत, तर गाडी तिथेच उभी राहणार, वाशीला कितीही लोक वाट बघत असोत. वासाची नस नीट वाढली नाही की दोन गोष्टी एकदम होतात, वास येत नाही आणि या पेशी वाटेत अडकतात. वृषणांमध्ये दोष नसतो, त्यांना कोणी उठवायलाच येत नाही.

एका स्पॅनिश डॉक्टरने, मायेस्त्रे दे सान हुआन त्याचं नाव, १८५६ मध्येच एका शवविच्छेदनात बघितलं होतं की या माणसाच्या मेंदूत वासाचा भागच नाही आणि वृषणं लहान मुलासारखी. १९४४ मध्ये फ्रान्झ कालमन यांनी काही कुटुंबांमध्ये हे अनुवंशाने चालतं असं दाखवलं म्हणून नाव त्यांचं पडलं. पुरुषांत साधारण ३० हजारांत एकाला असतं असा अंदाज आहे आणि बायकांपेक्षा पुरुषांत बरंच जास्त. म्हणजे दुर्मीळ आहे, पण ठाणे-नवी मुंबईची लोकसंख्या बघा आणि तुम्हीच गणित करा, आपल्या आसपास अशी बरीच मुलं असणार आणि त्यातल्या कित्येकांना घरचे सांगत असणार, उशिराच येतं आपल्याकडे.

उशिरा वयात येणं हा प्रकार खरा असतो, त्यात नातेवाईकांचं चुकत नाही. पण मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षापर्यंत वृषणांची वाढच सुरू झाली नाही तर तपासायला हवं, एकोणीस म्हणजे खूपच झालं. डॉक्टर सकाळचं टेस्टोस्टेरॉन बघतील, पिट्युटरीचे एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन बघतील, या अवस्थेत टेस्टोस्टेरॉन कमी असूनही हे दोन वर गेलेले नसतात आणि तीच खूण असते. मेंदूचा एमआरआय करून वासाचे कंद आहेत का बघतात, पोटाची सोनोग्राफी करतात कारण काहींना एकच किडनी असते. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं, टाळू फाटलेली होती, ऐकायला कमी येतं, किंवा एका हाताने काही करताना दुसरा हात आपोआप तसाच हलतो, यातलं काही असेल तर तेही सांगा.

आता चांगली बातमी. बंद पडलेल्या ज्या ज्या गोष्टी आम्ही डॉक्टर लोक बघतो त्यातली ही खरोखर चालू करता येणारी आहे. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा जेल दिलं की काही महिन्यांत आवाज, दाढी, स्नायू, इच्छा, ताठरता हे यायला लागतं, हाडंही मजबूत होतात, आणि उशीर झाला तर नेमकी हाडंच ठिसूळ होतात म्हणून घाई करतोय. मात्र नुसत्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू बनत नाहीत. पुढे मूल हवं असेल तेव्हा एचसीजी आणि एफएसएच या हार्मोनांची इंजेक्शनं वेगळी द्यावी लागतात, वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, पण बऱ्याच जणांना त्यातून स्वतःची मुलं होतात. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला सांगा, कारण या वयाच्या मुलाच्या डोक्यात "आपण बाप होणार नाही" हे एकदा बसलं की निघत नाही. वास मात्र येणार नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो.

दोन विनंत्या. लोकलच्या डब्यात चिकटवलेले पत्रक बघून, गॅरंटीवाल्या कोणाकडे त्याला पाठवू नका, तिथे चूर्ण मिळेल, हार्मोन नाही. आणि त्या दुधाच्या पातेल्याबद्दल त्याच्याकडे एकदा सॉरी म्हणा. "नाटकं करतोस" हे त्याने लहानपणापासून ऐकलंय.

प्रश्न : मी ऑनलाइन फेरोमोनवालं परफ्यूम घेतलं, छोटी बाटली, अठराशे रुपये. लिहिलं होतं मुली आपोआप जवळ येतात. दोन महिने झाले. ऑफिसच्या लिफ्टमध्ये उलट लोक लांब उभे राहतात. डोस वाढवू का? शिवाय ग्रुपवर आलं होतं की भोपळ्याच्या वासाने पुरुषांची ताकद वाढते, ते खरं का? (वय २६, ऐरोली)

उत्तर : मित्रा, डोस कमी कर, लिफ्टमध्ये आम्हीपण असतो.

फेरोमोन म्हणजे प्राण्याने आपल्याच जातीच्या दुसऱ्याला खुणावायला सोडलेलं रसायन, हा शब्द १९५९ चा आहे. त्याच वर्षी बुटेनांट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पहिलं फेरोमोन ओळखलं, ते होतं रेशमाच्या पतंगाच्या मादीचं, त्यासाठी काही लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा कराव्या लागल्या. त्याचा एक कण लागला की नर फडफडत येतो. डुकरांमध्येही आहे, वराहाच्या लाळेतल्या ॲन्ड्रोस्टेनोनचा वास आला की माजावर आलेली मादी जागच्या जागी स्तब्ध उभी राहते, वराहपालनवाले त्याचा स्प्रे वापरतात. तुझ्या बाटलीत बहुतेक यातलंच किंवा याचं भावंड असेल. माणसात असं एकही रसायन आजवर पक्कं सिद्ध झालेलं नाही. प्राण्यांच्या नाकात फेरोमोन पकडायला जो खास अवयव असतो तो आपल्यात अवशेषासारखा उरलाय, मेंदूशी त्याची जोडणी नाही. ॲन्ड्रोस्टेनोनचा वास तर काहींना येतच नाही, काहींना गोडसर वाटतो आणि काहींना चक्क मुतारीचा. तुझ्या लिफ्टमध्ये तिसऱ्या गटातले लोक जास्त दिसतायत.

अंगाच्या वासाचा आवडीनिवडीशी संबंधच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ४४ मुलांना दोन रात्री एकच टीशर्ट घालून झोपवलं आणि ते टीशर्ट ४९ मुलींना हुंगायला दिले, तर ज्यांची प्रतिकारशक्तीची जनुकं आपल्यापेक्षा वेगळी अशांचा वास मुलींना जास्त बरा वाटला. नंतरच्या अभ्यासांत हे कधी जुळलं कधी नाही जुळलं. पण तो वास टीशर्टला लागलेल्या अंगाचा होता, परफ्यूम, डिओ सगळं बंद ठेवलेलं. म्हणजे अठराशे रुपये देऊन तू स्वतःचाच वास झाकतोयस.

भोपळ्याचं अर्धं खरं आहे. शिकागोचे एक डॉक्टर ॲलन हर्श यांनी नव्वदच्या दशकात ३१ पुरुषांना वेगवेगळे वास देऊन लिंगातला रक्तपुरवठा मोजला, लॅव्हेंडर आणि पम्पकिन पाय (भोपळ्याचा भाजलेला गोड पदार्थ) या जोडीला सगळ्यात जास्त, ४० टक्के वाढ आली. एकतीस माणसं, तीही अमेरिकन, ज्यांच्या लहानपणी दर सणाला आजीच्या घरात तो वास भरलेला असायचा. आपल्याकडे घारग्यांवर कोणी असा प्रयोग केलेला नाही. घारगे खा, आवडीने खा, अपेक्षा ठेवून खाऊ नका.

प्रश्न : शुक्राणूंना पण वास येतो असं वाचलं, खरं की थाप? (वय ३१, खारघर)

उत्तर : थाप नाही पण अर्धवट. २००३ मध्ये जर्मन संशोधकांना शुक्राणूवर नाकातल्यासारखा एक रिसेप्टर सापडला, बूर्जिओनाल नावाच्या फुलासारख्या वासाच्या रसायनाकडे शुक्राणू पोहत जातात असंही दिसलं आणि जगभर बातमी झाली. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की ते रसायन वासाच्या रिसेप्टरमधून नाही, शुक्राणूच्या शेपटीतल्या कॅल्शियमच्या दाराला थेट धक्का देऊन काम करतं. बाजारात यावरून कुठलं औषध नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : ती निळी गोळी आमच्या गल्लीतला केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतो, महिन्यातून दोनदा घेतो, काम होतं. पण गोळी घेतली की अर्ध्या तासात नाक चोंदतं, इतकं की तोंडाने श्वास घ्यावा लागतो, मिसेस हसते. मग मी नाकात ड्रॉप टाकतो. आता ते ड्रॉप रोजच लागतायत. नाक आणि तिथलं काही कनेक्शन आहे का? (वय ५८, वर्तकनगर)

उत्तर : दादा, आहे, आणि मिसेस हसते ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट आहे.

नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर मांसल घड्या असतात, त्यात रक्त भरून फुगणाऱ्या पोकळ्या असतात, लिंगात असतात तशाच जातीच्या. तुमच्या निळ्या गोळीतलं सिल्डेनाफिल रक्तवाहिन्या सैल करतं आणि गोळीला पत्ता वाचता येत नाही, ती खाली जाते तशी नाकात पण जाते. म्हणून नाक चोंदणं, डोकं दुखणं, चेहरा लाल होणं हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम. काहींना तर गोळी न घेताच उत्तेजित झालं की नाक चोंदतं, शिंका येतात. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी बर्लिनचे फ्लीस नावाचे नाकाचे डॉक्टर, मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडचे जिगरी दोस्त, यावरून इतके वाहवले की बायकांच्या सगळ्या तक्रारींचं मूळ नाकात आहे म्हणायचे. १८९५ मध्ये फ्रॉइडच्याच एका पेशंटचं, एमा एकस्टाइनचं, त्यांनी नाकाचं ऑपरेशन केलं आणि अर्धा मीटर गॉजची पट्टी आत विसरले, बाई मरता मरता वाचली. कनेक्शन आहे म्हणून लगेच नाकात हात घालायचा नसतो.

तुमचं नाक चोंदणं मला फार महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे, की तुम्ही छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी, सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट, घेता का? पत्रात नाहीये, केमिस्टने विचारलं नसणार. ती आणि ही एकत्र गेली तर बीपी इतकं खाली येतं की माणूस जातो. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास नायट्रेट चालत नाही, आणि छातीत दुखून हॉस्पिटलात गेलात तर आधी गोळीचं सांगा, मिसेस समोर असली तरी सांगा.

दुसरं, अठ्ठावन्नाव्या वर्षी गोळी लागते तर ती का लागते हे कोणी तपासलंय का? लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे कचरा साचायला लागला की तक्रार आधी खाली येते, छातीची दोन-चार वर्षांनी. शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी, ईसीजी या आठवड्यात. आणि ते ड्रॉप आजपासून कमी करा, चोंदलेलं नाक उघडणारे ड्रॉप चार-पाच दिवसांच्या वर टाकले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही, बीपी वाढतं ते वेगळं. डॉक्टरच्या सल्ल्याने गोळीचा डोस कमी करून बघता येतो, बऱ्याचदा तेवढ्यानेच नाक मोकळं राहतं.

प्रश्न : माझे मिस्टर वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला आहेत, लसणाच्या गोणीत दिवस जातो. घरी आले की अंगाला लसूण, वर बिडी. आंघोळ करतात पण तोंडाचा, बोटांचा जात नाही. मी तोंड फिरवते, त्यांना राग येतो, म्हणतात मला तर काहीच वास येत नाही. ते खोटं बोलतात का? आणि आता त्यांनाच इच्छा कमी झालीय. (वय ३६, तुर्भे)

उत्तर : खोटं नाही बोलत. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची नोंद घेणं बंद करतं. मच्छी मार्केटमध्ये आपण शिरलो की रुमाल काढतो आणि कोळीणबाई तिथेच बसून डबा खाते, तसंच. त्यात बिडीने नाक बोथट होतं. म्हणजे तुमच्याकडे दुहेरी आहे.

आता लसणाला उगाच बदनाम करू नका. २०१६ मध्ये चेक संशोधकांनी पुरुषांना १२ ग्रॅम, म्हणजे तीन-चार मोठ्या पाकळ्या, लसूण खायला दिला आणि नंतर त्यांच्या काखेचा वास बायकांना हुंगायला दिला, तर लसूण खाल्लेल्यांचाच वास जास्त बरा ठरला. तोंडाचं वेगळं, तिथे लसूण हरतो. तुमच्या केसमध्ये मला संशय बिडीवर आहे. तंबाखूचा धूर रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर खराब करतो आणि ताठरतेचं सगळं काम त्या अस्तरावर चालतं, मग एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं नाही, की पुरुष "इच्छाच नाही" असं सांगतो कारण ते सांगायला सोपं असतं. तुम्ही तोंड फिरवता ते तो कशावर घेतो तेही बघा. तो समजतोय तुम्हाला तोच नकोय.

तेव्हा एकदा नीट शब्दांत सांगा की मला तू हवायस, बिडी नको. तोंडाने सांगा, मान फिरवून नाही. त्याला माझ्यासारख्या कोणाकडे घेऊन या, बिडी सोडायला निकोटीनचा च्युइंगगम वगैरे मदत मिळते, शुगर पण बघून घेऊ, हमाली-मापाडी करणारी माणसं स्वतःची तपासणी कधीच करत नाहीत. हाताला आंघोळीआधी मीठ-लिंबू चोळायला द्या, बोटांचा बराच जातो. डब्यातली लसणाची चटणी तेवढी चालू ठेवा.